रेझ्युमे सुधारून मिळेल

उज्वला बिराजदारला रेझ्युमे दुरुस्त करायला मनापासून आवडायचं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे तिला शिसारी आली ती याच कामाची.

ती किल्लारीची. लातूरला राहून एम.सी.ए. झाली, पुण्याच्या कंपन्यांना अर्ज पाठवत बसली आणि एकाही कंपनीचं उत्तर आलं नाही. तेव्हा रविकिरण सरांनी तिला कामावर घेतलं. क्लासेसच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं करिअर सेंटर होतं. जिन्यापाशी पाटी होती : ‘आयटी जॉबसाठी रेझ्युमे सुधारून मिळेल.’

पोरं तीन-तीन, चार-चार पानं घेऊन यायची. कडेला वेलबुट्टी, कोपऱ्यात फोटो, खाली वडलांचं नाव, जात, रक्तगट. छंद, क्रिकेट पाहणे. येत असलेल्या कॉम्प्युटर भाषांची ही लांबलचक रांग, आणि त्यातली एकही धड येत नसायची. उज्वला ते सगळं काढून टाकायची आणि एकच प्रश्न विचारायची : तू स्वतःच्या हातानं काय केलंस? बहुतेक जण पुन्हा भाषांची रांगच म्हणून दाखवायचे. मग ती खोदत राहायची. कुणी मामाच्या कृषी सेवा केंद्राचा स्टॉक कॉम्प्युटरवर आणलेला असायचा, कुणी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची वेबसाइट बनवलेली असायची. काय बनवलं, कुणी वापरलं, त्यानं काय सोपं झालं, हे ती दोन ओळींत मांडून द्यायची. आपल्याच कामाबद्दल असं नेटकं वाचून पोरांच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. ते बघायला तिला बरं वाटायचं.

तिच्या स्वतःच्या रेझ्युमेत तीन ओळी होत्या. कॉलेजात असताना तिनं ‘ऊसपाळी’ नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. आपला ऊस तोडायला टोळी कधी येणार, हे विचारायला गावातल्या लोकांना सारखे फोन करावे लागायचे, हेलपाटे घालावे लागायचे. तिच्या अ‍ॅपवर नाव टाकलं की पाळी कुठवर आली ते कळायचं. शेजारच्या आप्पासाहेबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून तिनं अ‍ॅपला बोलायलाही शिकवलं. त्या हंगामात निम्म्या गावानं ते वापरलं. या तीन ओळी तिनं किती वेळा खोडून लिहिल्या असतील. रविकिरण सरांनी एकदा तिचा रेझ्युमे मागून घेतला. पोरांना दाखवायला नमुना म्हणून ठेवू, म्हणाले. तिनं आनंदानं दिला.

दिवाळीनंतर सरांनी ‘प्लस पॅकेज’ काढलं. आता रेझ्युमेत हैदराबादच्या एका कंपनीतला दोन वर्षांचा अनुभव घातला जाऊ लागला. कंपनी म्हणजे एक लेटरहेड आणि एक मोबाइल नंबर. चौकशीचा फोन आला की सरांचा मेहुणा उचलायचा आणि इंग्रजीत पोराची तारीफ करायचा. तो अनुभव शब्दांत बसवायचं काम उज्वलाकडे आलं. तिनं कुरकुर केली तेव्हा सर म्हणाले की कंपन्यासुद्धा जाहिरातीत खरं लिहीत नाहीत, तू फक्त भाषा बघ. आणि ती भाषा बघत राहिली. आपण भाषाच बघतोय, असं स्वतःला सांगत राहिली.

खरी घाण पार्टिशनच्या पलीकडे चालायची. तिथं सर पोरांकडून न जगलेलं आयुष्य पाठ करून घ्यायचे. मॅनेजरचं नाव काय, टीममध्ये किती जण, ऑफिस कितव्या मजल्यावर. देगलूरच्या पलीकडे कधी न गेलेलं पोरगं हैदराबादच्या कँटीनमधला उपमा कसा लागायचा ते सांगायचं. चुकलं की सर हसून म्हणायचे, पुन्हा सांग. उज्वलाच्या टेबलावर ते सगळं ऐकू यायचं. हळूहळू तिला त्या खोलीतला चहा जाईना. की-बोर्डवर बोटं ठेवली की ती चिकट झाल्यासारखी वाटायची आणि ती उगाच उठून हात धुऊन यायची. सुट्टीत घरी गेल्यावर आईनं, सिद्धम्मानं, जेवण का जात नाही म्हणून विचारलं तेव्हा तिनं पित्ताचं कारण सांगितलं.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत व्हिडिओवर होती. समोरच्या बाई शांत होत्या, प्रश्नही बरे विचारत होत्या. मग त्या ‘ऊसपाळी’च्या ओळींवर आल्या आणि थांबल्या.

“हा प्रोजेक्ट तुमचा आहे?”

“हो मॅडम. मीच बनवलाय.”

“गेल्या काही दिवसांत हा मी बऱ्याच रेझ्युमेत वाचला. शब्दसुद्धा हेच. एकानं उसाच्या जागी कापूस केला होता, तेवढाच फरक.”

उज्वलाला आधी काही कळलंच नाही. मग तिनं स्क्रीनवर कोड दाखवायची तयारी दाखवली, गावातल्या आप्पासाहेबांना आत्ता फोन लावते म्हणाली. बाई म्हणाल्या, “फोनवर बोलायला माणसं ठेवलेली असतात, हेही आम्हाला आता माहीत झालंय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. नाकासमोरून कुजलेलं काही बाजूला सारावं तसा तो आवाज होता. मुलाखत तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी तिनं सेंटरच्या कॉम्प्युटरवरच्या फायली उघडून पाहिल्या. तिची वाक्यं जिकडेतिकडे पसरली होती. कुठं आप्पासाहेबांचे ‘ज्येष्ठ वापरकर्ते’ झाले होते, कुठं किल्लारीचं गुंटूर. रविकिरण सर आले तेव्हा तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. दाणे तोंडात टाकत त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “अगं, तुझा प्रोजेक्ट चांगला होता म्हणून चालला. तुला तर अभिमान वाटायला पाहिजे.”

त्यांच्या ओठाला चिकटलेलं लाल फोलपट तिला दिसत होतं, आणि तेवढंच दिसत होतं. सोडायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं. पण महिना संपायला चार-सहा दिवस होते, म्हणून ती येत राहिली.

त्याच दिवसांत हरिओम केंद्रे परत आला. कंधारकडचा, जरा लाजरा मुलगा. प्लस पॅकेजवर त्याला पुण्यात नोकरी लागली होती आणि घरच्यांनी गावभर पेढे वाटले होते. कंपनीनं नंतर अनुभवाची नीट तपासणी केली आणि त्याला एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. तो वडलांना, ग्यानोबांना, घेऊन आला होता. दोघं जिना चढून येताना सरांनी खिडकीतून पाहिलं आणि मागच्या दारानं ते निघून गेले.

ग्यानोबा खुर्चीच्या कडेवर बसले. उज्वलानं पाणी दिलं. हरिओम भिंतीकडे बघत उभा होता.

“माय,” ग्यानोबा म्हणाले, “ह्यानं तिथं काय चोरलं, तेवढं सांगा मला. हा तर कायच बोलून नाही राहिला.”

उज्वलानं सांगितलं. काही चोरलं नाही, पण कागदावर हैदराबादची नोकरी लिहिली होती, ती खोटी होती. अशी कंपनीच नाही. फोन उचलणारा माणूसही इथलाच. हे सगळं तिनं सोप्या शब्दांत, एकेक करून सांगितलं. ग्यानोबा ऐकत होते.

“म्हंजे पोरगं खोटं बोललं.”

“हाव, काका. पण लिहून मी दिलं होतं.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओरडतील असं तिला वाटलं होतं, तसं झालं नाही. पेला हातात होता, अजून तोंडाला लावलेला नव्हता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला आणि बोटानं लांब सरकवला.

“तुमच्या इथलं पाणी नगं,” म्हणाले आणि उठले.

रविकिरण सरांची तिला इतके दिवस किळस येत होती. पण कुणाला आपलीही येऊ शकते, हे तोवर तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं तो पेला नेऊन ओतून दिला. मग फोन हातात घेतला आणि ज्यांच्या-ज्यांच्या रेझ्युमेत खोटा अनुभव किंवा तिचं अ‍ॅप होतं, त्यांना एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. ते काढून टाका, तपासणीत सापडतं, पोरांना परत पाठवून राहिलेत, एवढंच सांगत होती. थोड्यांनी आभार मानले. पुष्कळांनी चिडून विचारलं की मग आम्ही पैसे कशाचे दिले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझं लागलंय. परत फोन करू नका.” आणि ठेवून दिला. संध्याकाळी सरांना कळलं. त्यांनी पोलिसांचं नाव घेतलं, पगार रोखीन म्हणाले. उज्वलानं पर्स उचलली आणि जिना उतरली. पगार राहिला तो राहिलाच.

पुढे काही महिने ती किल्लारीत घरीच होती. मग नांदेडला, दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मुलाखतीला गेली. मालकीण सत्यशीला मॅडमनी विचारलं की लातूरला काय करत होतात. उज्वलानं घटाघटा औषध प्यावं तसं सगळं सांगून टाकलं. मॅडमच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे पुण्याच्या बाईंच्या आवाजात होतं. तिला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं मॅडमनी लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाल्या की हे बिल दोनदा छापलं जातंय, का ते शोधा. तिला ते शोधायला दुपार लागली. सापडलं. सहा महिने अर्ध्या पगारावर ठेवते, मग बघू, असं मॅडम म्हणाल्या.

नांदेडला स्थिरावल्यावर तिनं हरिओमला फोन केला. पहिले दोन त्यानं उचलले नाहीत. मग एका रविवारी कंधारच्या बसनं आला. तिनं त्याचा रेझ्युमे पुन्हा लिहायला घेतला. खोटं काढल्यावर नाव, शिक्षण आणि कॉलेजातला एक साधा प्रोजेक्ट उरला. पान निम्म्याच्या वर कोरं.

“ताई, हे लई रिकामं दिसून राहिलं,” तो म्हणाला.

“रिकामं आहे तर रिकामं दिसू दे. आता भरायचं काय, ते बोलू.”

तो पावसाळाभर रविवारी येत राहिला. एका शाळेचं ग्रंथालय त्यानं कॉम्प्युटरवर आणलं, चुकत-माकत, दोनदा सगळं पुसून पुन्हा. त्यावर त्याच्या स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहून झाल्या. उज्वलानं त्यातलं शुद्धलेखनसुद्धा त्यालाच तपासायला लावलं. हिवाळ्यात त्याला नांदेडमध्येच ट्रेनी म्हणून घेतलं. पगार पुण्याच्या मानानं काहीच नव्हता.

ग्यानोबांनी तिला कधी निरोप पाठवला नाही. हरिओमनं एकदा घरी चला म्हणून आग्रह केला, तिनं टाळलं. रविकिरण सरांचं सेंटर छान चाललंय असं ऐकू येतं. खालचा मजलाही घेतला म्हणे. आईला दाखवायला उज्वला अधूनमधून लातूरच्या दवाखान्यात येते. जवळचा रस्ता क्लासेसच्या गल्लीतूनच जातो. ती रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगते, आणि का ते आईला सांगत नाही.