हे लग्न नाही, भाऊ

आमच्या नंदुरबारकडे लग्नाचं शूटिंग करणारा माणूस बँडवाल्यांकडे कॅमेरा वळवत नाही. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण नाही वळवत. वरात निघाली की तो नवरदेवाचा घोडा घेतो, नाचून नाचून सदरा बाहेर आलेले मामा घेतो, भर संध्याकाळी गॉगल चढवलेले मावसभाऊ घेतो. बँड वाजतोय हे त्याच्या कानाला कळतं, तेवढं त्याला पुरे. मी उभ्या जन्माच्या लग्नसराया बँडमध्ये कॅसिओ वाजवण्यात घालवल्या. जिल्ह्यातल्या किती घरांच्या कॅसेटी आणि सीड्यांमध्ये मी असायला हवा! आहे तो फक्त माझा कोपर, तोही एखाद्या आत्याबाईंच्या पाठीमागून.

माझं सोडा. मी लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होतो, बँड हा माझा उन्हाळ्याचा नाद. भाईचं तसं नव्हतं. भाई म्हणजे आमच्या बँडचा मालक आणि क्लॅरनेटवाला. बँड त्याच्या वडिलांचा, त्याच्याही आधी आजोबांचा. पितळी वाद्यांचे पोचे काढायचे, ती वाजवायची, हेच त्या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. घरात वडीलधाऱ्यांशी हिंदी आणि बाकी सगळा कारभार अहिराणीत, कारण भाईची बायको, म्हणजे आमची भाभी, तापीकाठच्या प्रकाशा गावची, आणि तिच्या अहिराणीपुढे कोणाची टाप नव्हती.

तर एका पावसाळ्यात, वाद्यं पिशव्यांत बांधून ठेवली होती तेव्हा, भाईच्या सुरतच्या मावसभावाने एक कॅसेट आणली. गोऱ्यांचा कुठलातरी जुना रॉक बँड, मोठं मैदान, आणि दोनेक तास नुसतं वाजवणं. गोष्ट नाही, हिरॉईन नाही, मारामारी नाही. आम्ही भाड्याचा व्हीसीआर लावून, वाद्यांच्या खोलीत, पितळेच्या वासात ती बघायला बसलो. शब्द एक कळेल तर शपथ. भाईचे वडील थोडा वेळ मागे उभे राहून बघत होते. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "लेकिन शादी किसकी है?"

आम्ही पोट धरून हसलो. पण त्यांचं काय चुकलं? लग्न नाही, मिरवणूक नाही, आणि तरी लोक बँडकडे तोंड करून उभे आहेत, असं त्या बिचाऱ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही तरी कुठे बघितलं होतं?

भाई मात्र हसता हसता गप्प झाला होता. त्या पिक्चरमध्ये ड्रम वाजवणाऱ्याची काडी मोडते आणि तो खाली न बघता दुसरी उचलतो. शेवटच्या गाण्यात गिटारवाला डोळे मिटून एक लांबलचक धून वाजवतो, आणि कॅमेरा त्याच्यावरून हटत नाही. बोटं, कपाळ, मिटलेले डोळे, परत बोटं. भाईने माझ्या मांडीवर चापट मारली. "देख, देख! कोन नाची ऱ्हायना ते देखतबी नही. कॅमेरा त्यानाच तोंडवर शे!"

ती धून त्याने क्लॅरनेटवर बसवली. गिटारची धून क्लॅरनेटवर, म्हणजे चपलेचा अंगठा बुटाला लावण्यासारखं काम. मी म्हटलं, नाही जमायचं. पुढच्या लग्नसराईत, शहाद्याच्या एका वरातीत, नवरदेव मांडवाच्या दाराशी आला आणि याने ती सुरू केली. नाचणारे आधी गोंधळले, मग थांबले, मग नुसतेच उभे राहिले. नंतर नंतर लोक मागणी करायला लागले, "भाई, तुन्ही धून वाजाड!" तुझी धून! ती कुठून आली हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि भाईने कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गालात हसायचो.

तो पिक्चर आमच्या आयुष्यातून गेला नाही. कॅसेट घासून घासून पांढरी झाली, मग सीडी आली, मग पोरांनी मोबाइलवर काढून दिला. दर पावसाळ्यात आम्ही तो बघायचोच. भाभी चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "त्याच ना परत? त्यास्ले दुसरं काही येतच नही का?" खरंच, इतक्यांदा काय बघत होतो आम्ही? आमचे केस पिकले, माझ्या गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली, आणि त्या गोऱ्यांचा आपला तोच दम, तीच काडी मोडतेय आणि तीच उचलली जातेय. एकदा भाई त्या गिटारवाल्याकडे बोट करून म्हणाला, "हाऊ आते मरी गया व्हई. पन देख, घाम आजबी ई ऱ्हायना त्याले."

आणि मग, पडद्यावरून नजर न काढता, "आपलंबी असं एक पाह्यजे. एकच."

भाईने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मोठी गाडी नको, मोठं घर नको. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याचं वाजवणं कोणीतरी नीट, समोरून टिपून ठेवावं, एवढंच. आम्ही ते उद्यावर ढकलत राहिलो. लग्नसराईत वेळ नसतो आणि पावसाळ्यात हुरूप नसतो. मधल्या काळात ते मेले डीजे आले. ट्रकभर भोंगे आणि एक पोरगं लॅपटॉप घेऊन बसलेलं. माझा आजही संताप होतो. आमचा बँड आधी निम्मा झाला, मग फक्त साखरपुड्यापुरता उरला.

त्यातच भाईचा दम गेला. त्याचं घर मिरच्या वाळत घालतात त्या पथाऱ्यांच्या अंगाला. हंगामात वारा सुटला की सगळी गल्ली खोकते, पण भाईचा खोकला हंगाम संपला तरी थांबेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, फुंकायचं बंद. भाई बाहेर येऊन मला म्हणाला, "मंग आतेच करनं पडी." आता करायचं म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही.

आम्ही कार्यक्रम ठरवला. लग्न नाही, वरात नाही, नुसतं वाजवायचं. आता आमच्याकडे माणसं नुसतं ऐकायला येतील का? जेवण पाहिजे. भाभी म्हणाली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी माझ्याकडे लागली. तिने प्रकाशाहून बहिणी बोलावल्या. मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला पंगती, आणि मागच्या बाजूला कनातीआड चुली. जुने वाजवणारे कुठून कुठून गोळा केले. एक रिक्षा चालवत होता, एक सुरतेला साडीच्या दुकानात होता. सगळे आले. सगळ्यांनी जुने लाल कोट चढवले, बटणं कोणाचीच लागली नाहीत.

शूटिंगवाला तरुण होता, हाताने चांगला. भाईने त्याला आठवडाभर आधी घरी बोलावून तो पिक्चर दाखवला. मी शेजारी बसून शंभरदा सांगितलं, "हे लग्न नाही, भाऊ. पाहुणे घ्यायचे नाहीत. स्टेज सोडायचं नाही." तो शहाण्यासारखा मान हलवत होता. "समजनं काका, समजनं." मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाला, "एकाच माणसाला किती वेळ दाखवतात हो. एडिटिंगवाला नसेल यांच्याकडे." मी तिथेच ओळखायला हवं होतं.

दिवस कलताना भाईने सुरुवात केली. काय वाजवलं त्याने! मी शेजारी कॅसिओवर होतो, माझ्या अंगावर काटा येत होता. छातीत दम नाही आणि क्लॅरनेटमध्ये मात्र कुठून येत होता कोण जाणे. सुरुवातीला तो पोरगा आमच्या समोर होता. मग पहिली पंगत बसली, पत्रावळी मांडल्या गेल्या, आणि त्याचा कॅमेरा असा वळला जसं म्हशीचं तोंड हिरव्या चाऱ्याकडे वळतं. वाढपी, जेवणारे, नटलेल्या बाया, कडेवरची पोरं. कोणीतरी नाचायला उठलं, की झालंच. मी स्टेजवरून डोळे वटारले, हाताने खुणा केल्या. त्याने मला हसून अंगठा दाखवला.

शेवटी भाईची धून आली. ती चालू असतानाच शेवटची पंगत बसत होती, आणि शूटिंगवाल्याने जेवायचं ते शेवटच्याच पंगतीला, ही आमच्याकडची रीत. त्याने स्टेजसमोर स्टँडवर कॅमेरा टेकवला आणि गेला जेवायला. वाद्यं आवरताना भाई मला एवढंच म्हणाला, "शेवटनं तर त्यानी लिधंच नही. कॅमेरा सोडीसन जेवाले बठना." त्याचा आवाज चिडलेलासुद्धा नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

काही दिवसांनी पेन ड्राइव्ह आला. आम्ही लावला. सुरुवातीलाच पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. मग बदामाच्या आकाराच्या चौकटीत भाई, त्याच्याशेजारी दुसऱ्या बदामात मी! अरे देवा! मग पाहुणे सुरू झाले. आणि त्यांच्यावर आमचं वाजवणं नाही, सिनेमाची लग्नातली गाणी चिकटवलेली. भाईचं क्लॅरनेट पुसून त्यावर कुठल्यातरी बाईचं मेंदीचं गाणं. मी तिरीमिरीत त्या पोराला फोन लावला, मूळ शूटिंग तरी दे म्हटलं. तो बिचारा खरंच गोंधळला. "काका, पेन ड्राइव्ह दिला की कार्ड रिकामं करतो ना आम्ही. दुसऱ्या दिवशी लग्न होतं." वर त्याने विचारलं, एडिटिंग आवडलं नाही का, पाकळ्यांचे वेगळे पैसे लावले नव्हते.

भाईने टीव्ही बंद केला, पेन ड्राइव्ह काढला आणि भाभीकडे दिला. "कपाटमा टाकी दे," म्हणाला. आणि मला म्हणाला, हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही तो पिक्चरसुद्धा लावला नाही. मी एकदा मोबाइल पुढे केला तर त्याने मान वळवली. मला त्या दिवशी आतून तुटल्यासारखं झालं.

भाई गेला त्याला आता बराच काळ लोटला. मिरचीच्या हंगामातच गेला.

मागच्या महिन्यात भाभीने बोलावलं. लेकीने नवा टीव्ही घेऊन दिला होता. भाभीने कपाटातून तो पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाली, "भाऊ, हाई लाव बरं. त्यास्नं वाजाडनं मी कधी धडपने देखंच नही." खरं होतं ते. वरातीत ती कधी आली नाही, आणि त्या एका संध्याकाळी ती कनातीआड बट्ट्या बघत होती. मी म्हटलं, त्यात काही नाही भाभी, पोराने सगळं वाटोळं केलंय. ती म्हणाली, जसं असेल तसं लाव.

लावलं. पाकळ्या पडल्या. ती बदामांना हसली. पाहुणे आले तर तिला उलट मजाच वाटली, "हाई देख, मन्ही बहीन! हाऊ देख, कितला बारीक व्हता!" मी खाली मान घालून बसलो होतो. आम्ही पूर्वी बंद केलं होतं ती जागा कधीच मागे पडली होती. तासभर पाहुणेच पाहुणे. आणि मग एकदम गाणं थांबलं. चित्र हललं, तिरकं झालं, सरळ झालं. कॅमेऱ्यासमोरून त्या पोराची पाठ लांब गेली. आणि समोर भाई.

कॅमेरा चालूच होता. त्याने बंदच केला नव्हता. नुसता ठेवून गेला होता, आणि या तुकड्यात पाहुणे नाहीत म्हणून त्याला ना पाकळ्या लावल्या होत्या ना गाणं. तसाच, कोरा, शेवटी जोडून दिला होता.

ती सगळी धून होती, पहिल्या सुरापासून. समोरून. बोटं, कपाळ, मिटलेले डोळे. लाल कोटाच्या कॉलरवर घाम. मागे पत्रावळींचा खसखसाट, आणि मध्येच कनातीआडून एक ठसक्याचा आवाज, "अरे, बट्टी लई जा रे कोनी!" भाभीने तोंडावर पदर दाबला. तिचाच आवाज होता तो.

धून संपली. पडद्यावरच्या भाईने क्लॅरनेट खाली घेतलं, डोळे उघडले आणि थेट आमच्याकडे बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे. त्याची नजर कॅमेऱ्यामागे माणूस शोधत होती. माणूस नव्हता. मग त्याचा चेहरा जो उतरला तो मी त्या दिवशी शेजारी बसूनही बघितला नव्हता, कारण मी कॅसिओची वायर गुंडाळत होतो. आयुष्यभर हवं होतं ते हातात पडलं होतं, आणि ते गेलं असं समजून तो तिथे उभा होता.

भाभी उठली, टीव्हीपाशी गेली आणि नेहमी त्याला हाक मारायची तशीच म्हणाली, "अजी, चालू शे ना कॅमेरा!"