सोयाबीनचे दिवस आणि माझ्या शिंका

सोयाबीनच्या दिवसांत मी नांदेडहून हदगावकडच्या सासरी गेले की दुसऱ्या दिवशी शिंका सुरू. नाक वाहतं, डोळे खाजतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सर्दी समजून ओव्याची धुरी द्यायच्या. धुरानं शिंका आणखी वाढायच्या.

त्यात घराचा नियम असा, की कुणी निघताना शिंक आली तर त्यानं परत बसायचं, पाणी प्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. मी असले की वेळेवर कुणी निघतच नसे. दीर तर मागच्या दारानं पळायचे.

गेल्या वर्षी धाकट्या नणंदेला लातूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. निघायच्या दिवशीच संध्याकाळच्या आत रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. फाट्यावरची सकाळची बस चुकली तर नांदेडहून पुढची गाडीही हुकणार.

तिनं चप्पल घातली आणि मी शिंकले. ती बसली, पाणी प्याली. उठली तोच पुन्हा शिंक. तिसऱ्यांदा तांब्या पुढं आला तेव्हा तिनं मला हात जोडले.

"वहिनी, मला नोकरी करू द्यायची न्हाई का तुमाला?"

"तिला काय बोलून राहिलीस? देवाच्याच मनात न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"देवाचं काही नाही. हे दारातलं भुसकट आहे," मी म्हणाले.

मळणी दारापुढंच झाली होती. भुसकटाचा ढीग तिथंच, आणि वारा सरळ ओसरीत. नांदेडच्या डॉक्टरांनी मला औषधाआधी एवढंच विचारलं होतं, की कुठं गेल्यावर शिंकता. उत्तर देतानाच मला उलगडा झाला. त्यांनी दिलेली गोळी गावी पोचायच्या आधी घ्यायची होती. ती पर्समध्ये होती, आणि पर्स नांदेडला.

आता वाद घालत बसलो तर बस जाणार. मी म्हणाले, मीच आधी फाट्यावर जाते; शिंकणारी घरात नसली की हिला निघू द्या.

नणंदेनं विचारलं, "अन् वहिनी तिथं शिंकल्या तर?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. "रस्त्यावरची कोण धरतंय?"

ओला रुमाल नाकाला बांधून, तिची पिशवी उचलून मी निघाले. ढिगापासून लांब गेल्यावर फाट्यावरच्या नळावर तोंड, डोळे, नाक धुतलं आणि जरा मोकळं वाटलं. पाठोपाठ ती धावत आली आणि बसमध्ये चढली.

घरी आले तर आत्याबाई दिरांकडून भुसकट गोठ्यामागं टाकून घेत होत्या. त्यांच्या लेखी कारण अपशकुनाचं होतं. मला हरकत नव्हती. दुपारनंतर माझं नाक बरंच उघडलं.

दिवे लागायच्या सुमाराला फोन आला. नणंद रुजू झाली होती. आत्याबाईंनी आधी विचारलं ते हेच, की आत पाऊल टाकताना कुणी शिंकलं तर नाही ना.

"दवाखाना हाय माय," ती म्हणाली. "हितं दिवसभर शिंकतेत लोकं."