फुटबॉलवाल्यांची मळणी

कॉलेजच्या फुटबॉल संघाचे सावंत मास्तर यांनी मला फसवलं. पनवेलात आजही काही लोक ही गोष्ट उलटी सांगतात, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं. डोक्यावर गवताचे भारे वाहत मी धंद्याला सुरुवात केली आणि पुढे बंदरातून मुंबईला पडाव भरभरून गवत धाडलं. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्या दलालांनी घाम पुसलाय. मला गुंडाळणारा एकच निघाला, आणि तोही गळ्यात शिट्टी अडकवून हिंडणारा.

साठ सालानंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माघात ठरलं होतं. सुपारी फुटली त्या दिवशी मी व्याह्यांसमोर बोलून बसलो, की वऱ्हाडाला विकतचा तांदूळ वाढणार नाही, माझ्या स्वतःच्या शेतातल्या नव्या तांदळाची पंगत बसेल. (शेत नुकतंच घेतलं होतं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.) भात पिकलं, कापलं, खळ्यावर पेंढ्यांची उडवी रचली. अडलं ते मळणीपाशी. माझे बैल मी दिवाळीत चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून विकून टाकले होते. शेजारचा काशिनाथ भाड्याने बैल द्यायला तयार होता, पण त्याने भाडं सांगितलं आणि मी भर रस्त्यात त्याच्या बैलांच्या बरगड्या मोजून दाखवल्या. त्यानंतर तो तर नाहीच, आळीतलं कुणीच मला बैल देईना. झोडणीला मजूर लावावे, तर ते सगळे मिठागरांवर गेलेले.

अशा वेळी सावंत मास्तर दारात आले. नुकतेच नेमलेले, पलटणीतून सुटून आलेले, पाठ ताठ, बोलणं कमी. माझा भाऊ वसंता त्यांच्या संघात गोलकीपर होता. कॉलेजला अजून मैदान नव्हतं. तेव्हा माझ्या खळ्याशेजारचा माळ सकाळच्या सरावाला मिळेल का, असं ते विचारत होते. मी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तलावाकाठी त्यांचा सराव पाहायला गेलो.

संघ म्हणजे सगळा आनंद होता. निम्मी पोरं ऊन वर आल्यावर डोळे चोळत उगवली. एक जण हाफपँटची नाडी चालता चालता बांधत होता. मास्तर रागावले नाहीत. उशिरा आलेल्यांना त्यांनी फक्त चकरा मारायला लावल्या. ती धट्टीकट्टी पोरं एकामागून एक गोल गोल पळताना मी पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, बैल तरी दुसरं काय करतात!

सौदा मी तिथल्या तिथे मांडला. माळ फुकट वापरा. फक्त शिक्षेच्या चकरा माझ्या खळ्यावर, मधल्या खांबाभोवती, पसरलेल्या भातावरून, अनवाणी.

मास्तरांनी एकदा पोरांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, “शिक्षेच्या जेवढ्या होतील तेवढ्या सगळ्या तुमच्या. त्यात मी कमी-जास्त करणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. “मेल्या, शिकाया आलेली पोरं ती. त्यांना जुंपतोस? आन् त्यात आपला वसंता पन हाय.”

मी म्हटलं, वसंता वेळेवर गेला तर त्याला कोण जुंपतंय? (मनातून मात्र त्यानेही उशीर करावा असं वाटत होतं. घरचा माणूस जास्त मन लावून मळतो.)

सुरुवात तर दृष्ट लागण्यासारखी झाली. मी पेंढ्या सोडून पसरायच्या आणि पोरांनी उशिरा येऊन तुडवायच्या. दाणे झडत होते, मास्तर शिट्टी वाजवत होते, मी कडेला उभा राहून मनातल्या मनात पंगत वाढत होतो. पण भाताचं कूस, म्हणजे दाण्यावरची बारीक टोचरी लव, फार वाईट. घामेजल्या पायांना ते चिकटलं की माणूस दिवसभर खाजवत बसतो. संघातली पोरं वर्गात खाजवायची, देवळात खाजवायची. वसंता जेवताना एका हाताने घास घ्यायचा आणि दुसऱ्याने पोटरी ओरबाडायचा.

व्हायचं तेच झालं. पोरं वेळेवर यायला लागली. आधी थोडी, मग बरीच, आणि एका सकाळी मी जाऊन पाहतो तर उजाडायच्या आत अख्खा संघ माळावर रांगेत उभा! खळ्यावर एक पाय नाही. उडवी अर्ध्याहून जास्त तशीच, आणि लग्न तोंडावर आलेलं.

मी मास्तरांना गाठलं. माझ्या चकरा कुठे गेल्या म्हणून विचारलं.

“कुणी उशिराच येत नाही, शेठ. शिक्षा कुणाला करू?”

“मग नियम वाढवा. चेंडू सोडला, चक्कर. शिंकला, चक्कर.”

“कमी-जास्त करणार नाही, असा शब्द दिलाय तुम्हाला.”

तेव्हा मला उमगलं. हा माणूस शेतकऱ्याच्या घरचा. कूस काय करतं ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जी शिस्त लावायला त्याचं सबंध वर्ष गेलं असतं, ती माझ्या भाताने लावून दिली. वर माळ फुकट!

मीही गप्प बसणारा नव्हतो. माळावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, वांगी, घरच्या दोन कोंबड्या, भांबुर्ड्याचा पाला घालून मडकी भरली, जाळात भाजली आणि सगळ्या संघाला नाकापर्यंत जेवू घातलं. एवढं खाल्लेला माणूस सकाळी अंथरुणातून उठत नाही, असा माझा अंदाज. अंदाज बरोबर ठरला. पोरं इतकी सुस्तावली की घरी गेलीच नाहीत, विस्तवाभोवती माळावरच आडवी झाली. सकाळी शिट्टी वाजली तेव्हा सगळी जागच्या जागी हजर.

आता राहिले मास्तर. उशिराचा नियम त्यांनाही लागणारच, आणि गडी दोन बैलांच्या ताकदीचा होता. पुढच्या पहाटे मी त्यांना रस्त्यात अडवून ओट्यावर बसवलं. चहा दिला. आणखी चहा दिला. मग हळूच ब्रह्मदेशातल्या लढाईचं विचारलं. एरवी कमी बोलणारा माणूस, पण तो विषय निघाला की नद्या ओलांडत सुटायचा. आमच्या गप्पा इरावतीच्या पलीकडे पोचल्या तेव्हा पनवेलात चांगलं ऊन पडलं होतं.

मास्तरांनी उन्हाकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि ते उठले. मी मागोमाग. माळावर संघ रांगेत वाट पाहत होता. मास्तरांनी बूट काढून नीट जोडून ठेवले, खळ्यावर चढले आणि पळू लागले. मला हसू आवरेना. तोच सगळ्या पोरांनी बूट काढले आणि तीही त्यांच्यामागे निघाली. कुणी सांगितलं नव्हतं. भात नुसतं उसळत होतं. जिंकलो, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

माझ्यासमोर येऊन मास्तर थांबले. “मला उशीर कुणी केला?”

ज्याला मी लहानाचा मोठा केला, तो माझा सख्खा भाऊ म्हणाला, “दादाने.” आणि मग माझ्याकडे वळून, “दादा, चपला काढ.”

मी खवळलो. जमीन कुणाची, भात कुणाचं, चहा कुणाचा, सगळं ओरडून विचारलं. कुणी उलट बोललं नाही. सगळे नुसते उभे राहिले. जन्मभर भांडून मी एवढं शिकलोय, की समोरचा भांडत नसेल तर आपल्याला फार वेळ भांडता येत नाही. मी धोतर खोचलं आणि चपला काढल्या. मास्तरांनी मला अगदी बाहेरच्या कडेला लावलं. ज्याने मळणी पाहिली आहे त्याला ठाऊक असेल, खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, पळापळ होते ती कडेच्या बैलाची.

आणि नेमके त्याच वेळी व्याही आले. मांडवाचं बोलायला आले होते, आई त्यांना कौतुकाने शेत दाखवायला घेऊन आली. त्यांनी विचारलं, हे कडेला धापा टाकतायत ते कोण? आईने माझ्याकडे नीट पाहिलं.

“तो व्हय? गडी हाय आमचा.”

त्या सकाळी सगळं भात मळून झालं. लग्नात नव्या तांदळाचीच पंगत बसली. संघाने अशा शिस्तीत वाढलं की एकाच्याही पानाबाहेर शीत सांडलं नाही. व्याह्यांनी भात पुन्हा मागून घेतला आणि भरल्या पंगतीत मला म्हणाले, “तांदूळ फार गोड आहे हो. तुमच्या त्या कडेच्या बैलाला आज पुरणपोळी घाला.” सगळी पंगत हसली. नवरीसुद्धा.

म्हणून मला उत्तर हवंय. सौदा संघाच्या शिक्षेचा होता, मालक त्यात धरलेला नव्हता. मग मला कोणत्या नियमाने पळवलं? मास्तर अजून भेटतात, मी विचारतो, ते नुसते हसतात. हसणं म्हणजे उत्तर नव्हे. त्यांनी एकदा माझ्या ओट्यावर यावं आणि जबाब द्यावा. हवं तेवढ्या पहाटे यावं. त्या दिवसापासून मला उजाडल्यावर अंथरुणात राहायची छातीच होत नाही, आणि याचाही जबाब त्यांनीच द्यावा.