ट्रेलरमधला चहा

आई-बाबा भारतातून आमच्याकडे आले, तेव्हा घराजवळच्याच पार्कात तळ्याकाठी आम्ही दोन दिवसांसाठी ट्रेलर, म्हणजे गाडीमागून ओढत न्यायचं चाकांवरचं चिमुकलं घर, लावला. लांब जायला आई तयार नव्हती. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ती त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. बाबा बिचारे खुर्चीत बसून राहत, विचारल्याशिवाय बोलत नसत.

सकाळी मी बाहेर खुर्च्या मांडत होते. उघड्या दारातून आत पाहिलं, तर आई टेबलामागे खिडकीशी अडकलेली आणि बाबा मधल्या चिंचोळ्या वाटेत शेगडीपाशी उभे.

"अहो, सरका. चहा मी करते."

"येशील कुठून? माझ्या अंगावरून?" बाबा म्हणाले. "बस आता."

आणि आई खरंच बसली. बाबांनी आलं ठेचलं, दूध उतू जाता जाता गॅस बारीक केला. शीळही घातली बहुधा. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

काळजी करणाऱ्या माणसाला जागा फार लागते, असं मला तेव्हा वाटलं. आमच्या ऐसपैस घरात आई सगळीकडे बाबांच्या आधी पोचायची. इथे पोचायला वाटच नव्हती, म्हणून इतक्या महिन्यांनी बाबांच्या हाताला काहीतरी काम मिळालं.

आईनं घोट घेतला.

"साखर जास्त झालीय."

बाबांनी स्वतःचा कप भरला. आईनं कप रिकामा केला. मग म्हणाली, "उद्याही तुम्हीच करा. साखर तेवढी बेताची घाला."