मोहाखालचा धूर

राजुऱ्याच्या बाजारात दरवर्षी माझ्या दुकानात मोहफुलं आणणारा हा माणूस भाव ऐकला की डोळे मिटतो, मग सावकाश हसतो. यंदा त्याने फुलं दुसऱ्याच व्यापाऱ्याला दिली. “काऊन गा, माझं दुकान दिसलं नाई?” मी खेकसलो. तो हसला. त्याला परत वळवायला मी घरी बोलावून अंगणात व्हिस्कीच्या लाकडी पिंपात मुरवलेली काळी स्टाऊट बिअर उघडली.

त्याने नेहमीप्रमाणे पहिले थेंब पूर्वजांसाठी मातीत सोडले आणि घोट तोंडात धरून डोळे मिटले.

“भाऊ, मोहाखालचा पाला जळून राह्यला यात.”

मीही प्यायलो. फुलं वेचायच्या आधी माझे बाबा, ते होते तेव्हा, झाडाखाली पाला जाळायचे, तोच धूर जिभेवर पसरला.

त्याने माझा ग्लास घेऊन दोन थेंब मातीत सांडले. “तुमच्या बाबाचे राह्यले होते.”

पुढच्या वर्षीच्या फुलांचं विचारायचं राहूनच गेलं.