जॅकवर उभ्या महालक्ष्म्या

आमच्या घरच्या महालक्ष्म्या एका दुपारी चांगल्या सहा इंच वाढल्या, आणि त्यात चमत्कार कसलाच नव्हता. होतो तो मी.

मी सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. तिथं माझ्या एका शिट्टीवर चाळीस माणसं धावतात. (घरी शिट्टी वाजली की सगळे कुकरकडे पाहतात.) शंकर नगरातल्या आमच्या घरात माणसं तीन: आई, माझी बायको वंदना आणि या दोघींच्या मधे मी.

आमच्याकडे दोन महालक्ष्म्या उभ्या करतात, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. दुपारी लोखंडी स्टँडला साडी नेसवायची, दागिने घालायचे, संध्याकाळी वर मुखवटे चढवायचे. साडी नेसवायचा मान आईचा. दोन्ही साड्या तीच नेसवणार, आणि वंदना लग्न झाल्यापासून बारा वर्षं नुसत्या निऱ्या धरून उभी!

यंदा वंदनानं सांगून टाकलं, "एक तरी महालक्ष्मी मी नेसवीन. नाही तर या घरात मी कोण आहे, ते तरी सांगा मले."

मी लगेच तोडगा काढला. ज्येष्ठा आईची, कनिष्ठा वंदनाची. आई म्हणाली, "हव, नेसवू दे ना. लोक पाहतीनच." हे 'पाहतीनच' तिनं अशा आवाजात म्हटलं की वंदनानं त्याच दिवशी सदर बाजार गाठून नवी पैठणी आणली.

इथंवर सगळं ठीक होतं. पण मला इंजिनिअरिंग सुचलं! जुने स्टँड डगमगायचे, म्हणून मी नवे करून आणले. पाइपात पाइप, मागं फिरवायचा दांडा, गाडीच्या जॅकसारखा. दांडा फिरवला की देवी वर. दोघींनाही मी तो कौतुकानं फिरवून दाखवला, आणि तिथंच माझं चुकलं.

दुपारी दोन्ही साड्या नेसवून झाल्या. आईची नऊवारी झकास, पण खरं सांगतो, वंदनाची पैठणी जास्त खुलली होती. (हे मी तेव्हा बोललो नाही. मी इंजिनिअर आहे, शूर नाही.) दोघी भाज्या चिरायला स्वयंपाकघरात गेल्या. पाच मिनिटांत आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"पमू, कनिष्ठा उंच दिसून राहिली. ज्येष्ठा मोठी बहीण आहे ना? दोन बोटं वर घे. अन् तिले सांगू नको."

मी ज्येष्ठा दोन बोटं वर घेतली. आई आत गेली, वंदना बाहेर आली.

"अहो, माझी बुटकी काहून दिसते? बरोबरीनं तरी उभी करा! आईले बोलू नका."

मी कनिष्ठा वर घेतली. मग पुन्हा आई, मग पुन्हा वंदना. भोपळा चिरून होईपर्यंत दोघींच्या तीन-तीन फेऱ्या झाल्या. एकीला खाली घ्यायची अक्कल मला नव्हती असं नाही. पण खाली घेऊ कोणाची? दोघींची नजर देवींच्या खांद्यांवर होती. पायांकडे कोणीच पाहिलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी दारापासून कुंकवाच्या पावलांवरून दोघी मुखवटे घेऊन आल्या. आईनं ज्येष्ठेचा मुखवटा वर नेला, आणि हात पुरेना! ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी पुरेना.

"पमू," ती घाबरून म्हणाली, "मी बुटकी झाली का रे? उमरीनं माणूस आखडते, पण एका वर्षात इतकं?"

मी स्टूल पुढे केलं. मुखवटे चढले, आणि दोन्ही देवींचे मुकुट वर टांगलेल्या करंज्या-पापड्यांच्या फुलोऱ्यात घुसले. एक करंजी आईच्या डोक्यावर पडली. तेवढ्यात शेजारच्या साहू दीदी हळदी-कुंकवाला आल्या, हात जोडून खाली वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"भैया, माताजी के पाँव में पाइप?"

साड्यांच्या खाली चांगली सहा इंच लाल प्राइमर मारलेली नळी! आणि मुखवटे चढल्यावर देवी तसूभरही हलवायची नाही, हा आमच्या घरचा नियम. बाहेर गेट वाजलं. अख्खी कॉलनी येऊन राहिली होती.

"हे कोणं केलं?" आई ओरडली.

"तुम्हीच तर सांगितलं वर घे म्हणून! दोघींनी!"

आईनं वंदनाकडे पाहिलं. "तू पण सांगतलं?"

"तुम्ही पण?"

मला वाटलं, आता संपलं सगळं. आणि आईला हसू फुटलं! स्टूलचा आधार घेऊन ती हसत सुटली, मग वंदनाही. मग वंदनाचंच डोकं चाललं. "आई, एखादी लांब साडी द्या. दोघींच्या पायाशी एकच फिरवते, सलग."

आईनं कपाट उघडलं आणि स्वतःच्या लग्नातला शालू काढला, ज्याला वंदनाला आजवर हात लावायची परवानगी नव्हती. "घे. तूच नेसव, दोघींनाही. मले खाली बसता येत नाही." शालू तिच्या हातात देत ती म्हणाली, "अन् तुह्या हाताच्या निऱ्या माह्यापेक्षा सरस आहेत. दुपारीच पाहिलं मी."

वंदनाचे डोळे भरले. पण हात थांबले नाहीत! पाच मिनिटांत हिरवा शालू ज्येष्ठेपासून कनिष्ठेपर्यंत असा पसरला, की दोघी बहिणी एकाच कमळात उभ्या वाटाव्यात. बायका येत गेल्या, फोटो काढत गेल्या. आई प्रत्येकीला अडवून सांगत होती, "आमच्या सूनबाईनं नेसवल्या. दोन्ही!" मी मधे म्हणून पाहिलं, "स्टँड मी..." दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाण्याचे ग्लास वाटायला लागलो.

त्या दिवसापासून घरात शांतता आहे. परवा वंदना मला टाकून बोलली, तसा मी जुन्या सवयीनं आईकडे तक्रार घेऊन गेलो. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बसल्या जागेवरून हाक मारली, "सूनबाई, इकडे ये वो! पाह्य हा पोट्टा तुह्याबद्दल काय सांगून राहिला!"