चरबीचे ठिपके आणि पाहुण्यांचा कूलर

सोलापूरच्या उन्हाळ्याला शिव्या न घालणारी अख्ख्या गावात मी एकटीच असेन. आमच्या प्रयोगशाळेतल्या अवरक्त कॅमेऱ्याला कोरडी हवा लागते, आणि ती इथे फुकट मिळते. बोकडाच्या कलेजीचा अगदी पातळ काप घ्यायचा आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा. चरबी त्यातला ठरावीक भाग गिळते, म्हणून रंग न लावताही ती पडद्यावर लाल ठिपक्यांच्या रूपात दिसते. आमच्या घरात अंडंही चालत नाही, त्यामुळे कलेजी आणायला मी उन्हाचं निमित्त करून तोंडाला स्कार्फ बांधून जायची.

त्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले होते. ही पद्धत त्यांना पटली तरच माझा प्रबंध पुढे जाणार होता, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा. आणि आमच्या शिपाईमामांनी काय करावं? व्हरांड्यातला पाण्याचा मोठा कूलर ढकलत आणून यंत्राशेजारीच लावला.

“पावणं पुण्याचं हायती. उकडून जीव जाईल की त्यांचा!”

परीक्षक सुखावले. पडद्यावर मात्र सगळीकडे मुंग्याच मुंग्या. कूलरच्या ओल्या हवेतली वाफही नेमका तोच प्रकाश गिळत होती.

“यात चरबी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“कूलर बंद केला की दिसेल,” मी फटकन बोलून गेले.

माझ्या मार्गदर्शक सरांनी डोळे वटारले. भर उन्हाळ्यात पाहुण्याचा वारा तोडायचा म्हणजे आमच्याकडे त्याला भरल्या ताटावरून उठवण्यासारखंच. पण मी बटण बंद केलं आणि खिडक्या सताड उघडल्या. झळ भसकन आत आली. परीक्षकांचा शर्ट पाठीला चिकटला. मामा फाइलने त्यांना वारा घालत माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पाहुण्याला चुलीत घातलंय. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराचा धावा करत होते.

हळूहळू मुंग्या विरल्या. पडद्यावर निळ्या दिसणाऱ्या कापावर एक लाल ठिपका उमटला, मग दुसरा, मग काठाने त्यांची दाटीच झाली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. “दुसरा काप लावा.” मग तिसराही मागितला.

मामांना राहवेना. “सायेब, आता तरी कूलर लावू का?”

“नको हो मामा,” घाम पुसत, पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, “ठिपके जातील.”